बैलगाडी ते कंटेनर: माल वाटेत किती वेळा उतरवला?

होटगी_जंक्शन (धागाकर्ता)

वाहतुकीचा इतिहास म्हटला की वेगाचा तक्ता समोर येतो: बैल, घोडा, वाफेचं इंजिन, मोटार, विमान. सोलापुरात बसून हाच इतिहास पाहिला तर मला दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. माल वाटेत किती ठिकाणी उतरवून पुन्हा चढवावा लागला? पोतं फुटतं, भिजतं, गहाळ होतं ते बहुतेक तिथेच, आणि हमालीही तिथेच भरावी लागते.

सुरुवात शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावापासून करतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वर्णनात त्याचं नाव 'तगर' असं येतं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा त्यातला हिशेब. (दिशा तंतोतंत नाही, तेर पैठणच्या आग्नेयेला येतं.) तेरचं जाडंभरडं कापड आणि मलमल, पैठणचे अकीकसारखे दगड, सगळं गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं.

कल्याण बंदर कितीतरी जवळ असताना एवढा वळसा का, याचं उत्तर त्याच वर्णनात आहे. कल्याणला लागणाऱ्या ग्रीक जहाजांवर तेव्हा निर्बंध होते. चुकून आलेलं जहाज पहाऱ्यात भडोचला नेत. शिवाय कल्याणला उतरायचं तर सह्याद्रीचा कडा आडवा. खानदेशावरून गेलं की तो कडा टळतो आणि गाडी गाडीच राहते.

तुमच्याकडे जे नेमकं माहीत असेल ते लिहा. मापं, वजनं, काय बिघडायचं, हे आलं तर उत्तम. "पूर्वीच्या काळी लोक फार कष्टाळू होते" छाप प्रतिसाद नकोत.

---

पाठाळ

कल्याणच्या वाटेवर नाणेघाट लागतो. सातवाहनांच्या काळातली फरसबंद, पायऱ्यांची वाट आहे ती. गाडी तिथून उतरूच शकत नाही. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. जकातीला जागाही बरोबर निवडलीय. चिंचोळ्या खिंडीत माल मोजल्याशिवाय पुढे जाणार कुठून?

घाटात कामाला येतो तो पाठीवर माल वाहणारा बैल, म्हणजे पाठाळ. लमाणांचे तांडे याच बैलांवर चालत. हिशेब साधारण असा:

एका बैलावर दोन गोण्या, दोन्ही मिळून शंभर ते सव्वाशे किलो. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. एक बाजू चार-पाच किलोंनी जड झाली की ओझं हळूहळू तिकडे सरकतं, दोर कण्यावर घासतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठ सोलते. पाठ सोललेला बैल पंधरा-वीस दिवस निकामी. म्हणून पाठीवर आधी जाड गादी, आणि ती मणक्यावर न टेकता दोन्ही बरगड्यांवर बसली पाहिजे.

मुक्कामाला प्रत्येक गोणी खाली आणि सकाळी प्रत्येक गोणी वर. म्हणजे धागाकर्त्याच्या हिशेबाने हा सगळ्यात महाग प्रकार, रोज एक उतरवणी आणि एक चढवणी. तरीही तो टिकला, कारण इंधन फुकट होतं. बैल वाटेत चरत. चरायला वेळ द्यावा लागे म्हणून तांडा दिवसाला दहा-बारा किलोमीटरच चालायचा.

यातलीच मोठी गोम: दुष्काळात चारा नाही, मग तांडाही नाही. ज्या वर्षी सोलापूरला धान्य बाहेरून हवं, नेमकं त्याच वर्षी ते आणणारे बैल वाटेत मरणार. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनला हेच भोवलं.

---

तुंबा_आणि_आरे

गाडीच्या चाकावर कुणीच लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात जुन्या लाकडी चाकांपैकी एक स्लोव्हेनियात ल्युब्लियानाच्या दलदलीत सापडलंय, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. त्याचं मधलं भोक चौकोनी आहे, म्हणजे चाकाबरोबर आसही फिरत असे. अशी गाडी वळवताना त्रास होतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, पण एकाच आसावर पक्की बसलेली दोन चाकं वेगवेगळी फिरू शकत नाहीत. एक घसटत जातं. आपल्याकडे दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझचा बैलरथ सापडला, लांबी सुमारे ४५ सेंमी. त्याची चाकं भरीव आहेत. आऱ्यांचं चाक वजन वाचवतं, पण त्यासाठी सुतार पक्का लागतो.

आपल्या भागातलं बाभळीचं चाक घ्या. मधे तुंबा (आस बसतो तो गोल ठोकळा), त्यात बारा आरे (दांड्या), बाहेर सहा पाटे (चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे, एका पाट्यात दोन आरे), आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव, म्हणजे पट्टी. सगळी गंमत धावेत आहे.

चाकाचा व्यास १३५ सेंमी धरा. परीघ ४२४ सेंमी. धावेच्या आतला परीघ यापेक्षा साधारण दीड सेंमी कमी ठेवायचा. पट्टी १ सेंमी जाड असेल तर वाकवताना बाहेरची बाजू ताणते, म्हणून लांबीत जाडीच्या तिप्पट, म्हणजे तीन सेंमी वाढवायचे. टोकं एकमेकांवर चढवून ठोकायला आणखी तीन-चार सेंमी. पाच सेंमी रुंद पट्टीची अशी धाव सतरा किलोच्या आसपास भरते.

मग जमिनीवर धाव आडवी ठेवून खालीवर गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. तापमान सहाशे अंशांनी वाढलं की परीघ सुमारे तीन सेंमी वाढतो. दीड सेंमीचा तुटवडा भरून दीड सेंमी उरतो, म्हणजे चाकाभोवती सगळीकडून जेमतेम अडीच मिलिमीटर फट. तेवढ्या फटीत दोन-तीन माणसांनी सांडशीने धाव उचलून एका दमात बसवायची आणि लगेच पाणी. पाणी एकाच जागी ओतायचं नाही, गोल फिरत ओतायचं. लोखंड आकसलं की सांधे करकरत बंद होतात.

काय चुकतं:

- धाव लालभडक होऊन नारिंगी झाली तर पाट्याचं लाकूड खोलवर जळतं. चाक त्या दिवशी घट्ट दिसतं. पण धाव आणि लाकूड यांच्यामध्ये कोळशाचा थर असतो. महिनाभरात त्याचा चुरा होतो आणि धाव खुळखुळते.
- धाव फारच लहान केली तर आरे कमानीसारखे वाकतात, नाहीतर तुंब्यातल्या खाचा चिरडतात.
- लाकूड ओलं असताना चाक बांधलं तर पहिल्या उन्हाळ्यातच सगळं सैल.

---

शंकासुर

धाव खिळ्यांनी ठोकली तर चालत नाही का? एवढा अग्निहोत्र कशाला?

---

तुंबा_आणि_आरे

@शंकासुर, खिळे धाव सरकू देत नाहीत, पण चाक आवळत नाहीत. आऱ्याचं एक टोक तुंब्यात, दुसरं पाट्यात, कुठेही डिंक-सरस नाही. सगळे सांधे दाबाखाली राहतात ते आकसलेल्या धावेमुळे. शिवाय प्रत्येक खिळा म्हणजे पाट्याला एक भोक, आणि तडा तिथूनच जातो.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की लाकूड सुकून आकसतं. लोखंड तसं आकसत नाही, मग धाव निसटते. तात्पुरता उपाय म्हणजे चाक रात्रभर हौदात किंवा ओढ्यात बुडवून ठेवणं. कायमचा उपाय म्हणजे धाव कापून, तेवढा तुकडा काढून, पुन्हा जोडून पुन्हा तापवून बसवणं.

वंगणाला एरंडेल आणि जाळलेल्या गवताची काळी राख. नुसतं तेल आसावरून गळून जातं. राखेमुळे ते चिकटून राहतं. धूळ आत गेली की मात्र तेच मिश्रण पॉलिश पेपरसारखं आस खातं. म्हणून नवं वंगण घालण्याआधी जुनं पुसून काढायचं. हे न करणारे जास्त.

---

कापूस_पेठ

मस्त. आता १८६० वर येऊ, धागाकर्त्याच्या मुद्द्याचा सगळ्यात चांगला पुरावा तिथेच आहे.

बोरीबंदर-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली, ते सगळ्यांना पाठ असतं. पुढचा क्रम कमी लोकांना माहीत आहे. मुंबईकडून रूळ १८५६ ला खोपोलीपर्यंत आले. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत १८५८ ला. सोलापूरला गाडी जून १८६० मध्ये पोचली. पण बोरघाट खुला झाला तो १८६३ ला!

म्हणजे तीन वर्षं सोलापूर ते खंडाळा रेल्वे होती आणि खोपोली ते मुंबईही होती. मधला घाट तेवढा राहिला होता. कापूस सोलापूरला डब्यात भरायचा, खंडाळ्याला उतरवून बैलगाडीत घालायचा, घाटरस्त्याने खाली आणायचा (हा गाडीरस्ता १८३० चा) आणि खोपोलीला पुन्हा डब्यात. एका वाहनातून दुसऱ्यात दोनदा जाणं.

कापसाची खंडी म्हणजे ७८४ रत्तल, साधारण ३५५ किलो. तांड्याच्या काळात एका खंडीला तीन बैल लागायचे आणि वाटभर धूळ खाऊन कापूस मळका व्हायचा. मुंबईत त्याचा भाव पडायचा. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस थांबला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला. त्या तेजीच्या ऐन सुरुवातीला घाट बंदच होता. पुढे १८७७ ला सोलापुरात 'जुनी मिल' ही गिरणी सुरू झाल्यावर गावातच सूत निघायला लागलं, म्हणजे मुंबईपर्यंतची एक फेरी वाचली.

---

कर्जत_बँकर

घाट एवढा का रखडला तर चढ १:३७. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हजार टनांची गाडी असेल तर नुसत्या चढासाठी सत्तावीस टनांचं बळ लागतं, घर्षण वेगळं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून इंजिनाची ताकद वाढवून एका मर्यादेपलीकडे उपयोग नसतो. इंजिनांची संख्या वाढवावी लागते. आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात ती त्यासाठीच. सगळी ओढ पुढूनच दिली तर पुढच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येऊन ते तुटण्याची भीती. मागून ढकललं की ताण वाटला जातो.

१८६३ च्या घाटात पंचवीस बोगदे आणि एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. वळायला जागाच नव्हती म्हणून गाडी एका टोकाला थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ ला नवीन वाट आणि वीज आल्यावर ते बंद झालं.

उतरणीला खबरदारी वेगळी. कॅच सायडिंगचा काटा (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) मुळातच बाजूच्या, वर चढत जाणाऱ्या रुळाकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी थांबून ताब्यात आहे हे दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक गेलेली गाडी थांबू शकत नाही, ती आपोआप चढावर जाऊन जिरते.

मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. तिला घाटात बँकर लागत नाही, कारण तिच्या निम्म्या डब्यांच्या चाकांना मोटारी आहेत. एकाच इंजिनाने ओढण्याचा प्रश्नच उरत नाही.

---

कुर्डुवाडी_शेड

बार्शी लाइट रेल्वे आल्याशिवाय हा धागा पुरा कसा होणार?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला या रेल्वे कंपनीने बार्शीसारखी मोठी पेठ बाजूला टाकून रूळ नेले. स्टेशनाला नाव दिलं 'बार्शी रोड', म्हणजे तिथून पुढे बार्शी पस्तीसेक किलोमीटर, तुमचं तुम्ही बघा. तेच आजचं कुर्डुवाडी. (स्टेशनाच्या नावात 'रोड' दिसला की समजावं, गाव लांब आहे.)

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ ला इथे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमीची लाइन सुरू केली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण २०२ मैल. त्याची कल्पना साधी होती: प्रत्येक आसावर सारखाच भार, पाच टन. त्यामुळे हलका रूळ चालतो, पूल हलके होतात, भराव कमी लागतो. चार आसांच्या बोगी डब्याचं भरलेलं वजन वीस टनांपर्यंत जातं. इंजिनाला चार जोड्या चालती चाकं आणि मागे आधाराची बोगी, लीड्सच्या किटसन कंपनीची बनावट. अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी, हा समज याच लाइनने मोडला.

पण उतरवणीचं दुखणं राहिलंच. बार्शीच्या तुरीचं पोतं नॅरोगेजने कुर्डुवाडीला आलं की ब्रॉडगेजच्या डब्यात घालायचं. शंभर किलोची पोती आणि बावीस टनांचा डबा धरा: दोनशे वीस पोती, प्रत्येक पाठीवरून. फळीवरून तोल गेला की माणूस जायबंदी, हूक चुकीच्या जागी लागला की पोतं फाटलं. सुतळीच्या शिवणीजवळ हूक मारायचा नाही, कोपऱ्याच्या कानाला धरायचं, हा नियम याच गणितातून आलेला.

कॅलथ्रॉपला हे कळत होतं. १९०४ ला इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड या त्याच्याच मापाच्या लाइनवर मोठ्या रुळाचा अख्खा डबाच छोट्या रुळाच्या गाड्यावर चढवून नेत. माल हलवायचा नाही, डबा हलवायचा.

---

होटगी_जंक्शन

@कुर्डुवाडी_शेड, हे शेवटचं वाक्य म्हणजेच कंटेनर की ओ! त्यावर पुढे येतोच, आधी आमच्या होटगीचं.

दुष्काळानंतर दख्खनमध्ये धान्य पोचवायला म्हणून होटगी-विजापूर-गदग लाइन आली, १८८४ मध्ये. स्वस्तात व्हावी म्हणून मीटरगेज. म्हणजे एका सोलापूर जिल्ह्यात तीन मापं: १६७६, १००० आणि ७६२ मिमी. कुर्डुवाडीला हमाल, होटगीला हमाल. वर @पाठाळ म्हणाले तसं चाऱ्याअभावी वाहतूक बंद पडण्याचं संकट गेलं, कारण इंजिन कोळसा खातं. पण मापाची कंजुषी पुढची शंभर वर्षं हमालीच्या रूपात फेडावी लागली. १९९२ नंतरच्या युनिगेज (सगळीकडे एकच माप) धोरणात हे सगळं ब्रॉडगेज झालं. बार्शीच्या लाइनला २००० नंतरची दहा-अकरा वर्षं लागली, आणि जुनी लाइन ज्याला टाळून येडशीवरून जायची त्या धाराशिवला त्या निमित्ताने स्टेशन मिळालं.

---

शंकासुर

रस्ता कुठे गेला सगळा? एसटी, ट्रक?

---

टायरगाडी

रस्त्याचा फायदाच हा की दारात भरलं आणि दारात उतरवलं. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. सोलापूरला आज पुणे-हैदराबादचा ६५ आणि विजापूरकडे जाणारा ५२ असे राष्ट्रीय महामार्ग छेदतात, त्यामुळे ट्रकचा धंदा इथे मोठा.

पण बैलगाडी ट्रकने संपवली नाही, तिला टायर बसले. धावेच्या गाडीत टनभर माल जायचा. हवेचा टायर आणि बेअरिंग आल्यावर तीच बैलजोडी कारखान्याला दोन-अडीच टन ऊस नेते. सपाटीला ठीक. उताराला मात्र लोखंडी धाव जमिनीत रुतून थोडी तरी अडायची, टायर अडत नाही, सगळा भार जुवातून बैलाच्या मानेवर येतो. त्यात मोळ्या पुढच्या बाजूला जास्त रचल्या तर मान सुजते, मागे जास्त रचल्या तर जू वर उचलून गळ्याला आवळतं. भार आसाच्या किंचित पुढे हवा, रिकाम्या हाताने धुरी उचलून पाहिली तर दहा-पंधरा किलो लागेल इतकाच. रात्री मागे रिफ्लेक्टर नसणं हा वेगळाच विषय, गळीत हंगामात दर वर्षी त्यात माणसं जातात.

---

टॉवेल_एक्स्पोर्ट

कंटेनरचं मी सांगतो. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन निघालं, ते माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याच्या डोक्यातून. कॅलथ्रॉपने डबा हलवला, मॅक्लीनने ट्रकची पेटी चाकांपासून सोडवून जहाजावर ठेवली.

सोलापूरचे टेरी टॉवेल न्हावाशेवा बंदराला असेच जातात. टॉवेल हलका आणि फुगीर, त्यामुळे वजनाआधी जागा संपते. वीस फुटी पेटीत सुमारे ३३ घनमीटर, चाळीस फुटी उंच पेटीत ७६. म्हणून आमच्या मालाला चाळीसच परवडते.

भरण्याआधी एक माणूस आत जातो, बाहेरून दारं पूर्ण लावायची आणि त्याने डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं. कुठूनही उजेडाचा ठिपका दिसला तर पेटी परत. त्या ठिपक्यातून समुद्रावर पाणी येतं. दुसरं संकट आतलंच. टॉवेल नीट न सुकवता पॅक केला तर दिवसा उन्हात ओल बाहेर पडते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब होतात आणि छतावरून कार्टनवर टपकतात. म्हणून ओल शोषणाऱ्या पिशव्या लटकवतात, आणि वरच्या थरावर क्राफ्ट पेपर.

---

पाठाळ

म्हणजे तेरचं कापड पुन्हा समुद्रावर, फक्त भडोचऐवजी न्हावाशेवा.

---

कुर्डुवाडी_शेड

एक राहिलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे (शेतमालाची खास गाडी) सुटली ती सांगोल्याहून, बंगालमधल्या शालिमारला. सांगोला जुन्या बार्शी लाइटच्या पंढरपूर-मिरज रुळावरचं स्टेशन. नॅरोगेज असतं तर डाळिंबाचा प्रत्येक क्रेट कुर्डुवाडीला किंवा मिरजेला हातातून हातात गेला असता, आणि डाळिंबाला एक आपटी लागली की साल वरून धड दिसते, आतले दाणे मात्र तपकिरी होतात. फळ फोडेपर्यंत कुणाला कळत नाही.

---

टायरगाडी

क्रेटमध्ये तळाला कागदाचे तुकडे आणि देठ आडवे. देठ वर ठेवला तर वरच्या फळाला टोचतो.